एन्क्रिप्टेड रूटसाठी बूटलोडर निवडताना: अडल्यावर कोणती रचना सोडवणे सोपे?

रूट पार्टिशन, म्हणजे डिस्कचा ज्यात सगळी सिस्टिम असते तो भाग, एन्क्रिप्ट केलेला लिनक्स संगणक सुरू होईनासा झाला, की सर्वांत आधी एक गोष्ट पाहावी: पासवर्ड विचारला गेला का, आणि विचारला असेल तर तो कोणी विचारला. काळ्या पडद्यावरची ती ओळ ग्रबची, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) स्मृतीत चढवणाऱ्या बूटलोडरची, आहे की कर्नलबरोबर आलेल्या इनिट-रॅमएफएसची, म्हणजे खरे रूट उघडेपर्यंत स्मृतीत चालणाऱ्या छोट्या तात्पुरत्या सिस्टिमची, यावर पुढचा अर्धा तास कसा जाणार हे ठरते. बूटलोडरांची तुलना करताना मेनू किती देखणा आहे, सुरू होण्यात किती सेकंद वाचतात, दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम आपोआप सापडते का, अशा मुद्द्यांवर बरेच लिहिले जाते. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर मात्र निवड बिघाडाच्या दिवसाचा विचार करून करावी, असे माझे मत आहे. म्हणून या आढाव्यात प्रत्येक रचनेला एकच कसोटी लावली आहे: काही मोडले, तर काय मोडले हे कळायला आणि ते दुरुस्त करायला किती सायास पडतात.

तुलना चार रचनांची आहे. पहिलीत ग्रब आहे आणि कर्नलच्या फाइली ठेवणारी /बूट ही डिरेक्टरीही एन्क्रिप्टेड रूटच्या आतच आहे. दुसरीतही ग्रबच आहे, परंतु /बूटसाठी वेगळे, एन्क्रिप्ट न केलेले पार्टिशन ठेवलेले आहे. डेबियन आणि फेडोरा यांचे इन्स्टॉलर एन्क्रिप्शनचा पर्याय निवडल्यावर नेहमीच्या मार्गाने हीच रचना तयार करतात. तिसरीत सिस्टमडी-बूट हा साधा बूटलोडर असून कर्नल आणि इनिट-रॅमएफएस ईएसपीवर, म्हणजे फर्मवेअरला (यंत्र सुरू होताच चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरला) वाचता येणाऱ्या फॅट पार्टिशनवर, उघडे असतात. चौथीत कर्नल, इनिट-रॅमएफएस आणि कर्नलची कमांड लाइन (त्याला सुरू होताना दिलेल्या सूचना) या तिन्ही गोष्टी एकाच ईएफआय फाइलमध्ये बांधलेल्या असतात. या फाइलला यूकेआय म्हणतात. तिच्यावर स्वतःच्या किल्लीची सही असते, सही नसलेले काही सुरू होऊ न देणारे सिक्युअर बूट चालू असते आणि बहुधा किल्ल्या जपणाऱ्या टीपीएम चिपच्या साहाय्याने कुलूप आपोआप उघडते. सर्व ठिकाणी एन्क्रिप्शन लक्सचे (लिनक्सवरची डिस्क एन्क्रिप्शनची प्रचलित पद्धत) आणि फर्मवेअर यूईएफआय आहे असे गृहीत धरले आहे. संगणक जुन्या बायोसवर चालत असेल तर शेवटच्या दोन रचना बादच होतात आणि पहिल्या दोहोंतूनच निवडावे लागते.

कुलूप कोण उघडते

पहिल्या रचनेत कर्नल स्वतःच कुलपाच्या आत असतो, त्यामुळे तो वाचण्यासाठी ग्रबला लक्स उघडता यावे लागते. ग्रबमधील लक्सचा कोड हा ग्रबचा स्वतःचा आहे. कर्नल आणि क्रिप्टसेटअप (लक्स हाताळणारे साधन) हे जे काम करतात त्याची ती वेगळी, मर्यादित आवृत्ती आहे. या रचनेतील बहुतेक दुखणी इथूनच निघतात.

पहिले दुखणे पासवर्डापासून किल्ली तयार करण्याचे. क्रिप्टसेटअपची २.१ ही आवृत्ती २०१९ मध्ये आली तेव्हापासून नवे पार्टिशन आपोआप लक्स-२ पद्धतीने तयार होते आणि किल्ली आर्गॉन-२ या पद्धतीने काढली जाते. ग्रबला लक्स-२ वाचता येऊ लागले ते २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून, पण तेही फक्त जुन्या पीबीकेडीएफ-२ पद्धतीची किल्ली असेल तर. २०२३ च्या अखेरीस आलेल्या २.१२ मध्येही आर्गॉन-२ नव्हते. परिणाम असा, की सर्व पर्याय जसेच्या तसे ठेवून डिस्क तयार केली आणि त्यावर २.१२ किंवा त्याआधीचा ग्रब बसवला, तर पासवर्ड अचूक टाइप करूनही तो नाकारला जातो. ही अडचण असल्याची शंका आली तर लाइव्ह यूएसबीवरून (डिस्कशिवाय लिनक्स चालवणाऱ्या यूएसबीवरून) ‘क्रिप्टसेटअप लक्सडंप’ चालवून किल्लीच्या खाचेपुढे (लक्समध्ये प्रत्येक पासवर्डासाठी एक खाच असते) कोणती पद्धत लिहिली आहे ते पाहावे. आर्गॉन-२ दिसले तर ‘लक्सकन्व्हर्टकी’ या उपकमांडने ती खाच पीबीकेडीएफ-२ वर आणता येते. त्याआधी हेडरची, म्हणजे किल्ल्यांची माहिती असलेल्या पार्टिशनच्या सुरुवातीच्या भागाची, प्रत काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवणे अत्यावश्यक आहे. लक्स-२ ची ती प्रत साधारण १६ मेगाबाइटची होते, तेव्हा जागेची सबब चालत नाही.

दुसरे दुखणे वेगाचे. किल्ली काढण्यासाठी किती फेऱ्या घ्यायच्या हे क्रिप्टसेटअप त्या यंत्राचा वेग मोजून, सुमारे दोन सेकंद लागतील अशा बेताने ठरवते. त्याच फेऱ्या ग्रब प्रोसेसरच्या खास सोयींचा फारसा उपयोग न करता घेतो, त्यामुळे दोन सेकंदांचे काम त्याला कितीतरी अधिक वेळ घेते. शिवाय तो खाचा क्रमाने तपासतो. आपला पासवर्ड तिसऱ्या खाचेत असेल तर आधीच्या दोन खाचांवरचा वेळ वाया गेल्यावरच त्याची पाळी येते. ‘संगणक गोठला’ असे समजून वीज बंद करणारे पुष्कळ असतात. अशा वेळी किमान दोन मिनिटे हात आवरावा.

तिसरे दुखणे कळफलकाचे. ग्रब पासवर्ड घेतो तेव्हा कळफलक अमेरिकी मांडणीचा असल्याचे धरून चालतो. ब्रिटिश मांडणीत ‘ॲट’चे चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची जागा अमेरिकी मांडणीच्या उलट असते, पासवर्डात यांपैकी एक जरी असले तरी ग्रब तो चुकीचा ठरवणार, आणि हाच पासवर्ड लाइव्ह यूएसबीवर मात्र निमूट चालणार. टाइप केलेली अक्षरे पडद्यावर दिसत नसल्यामुळे ही चूक ध्यानात येणे कठीण जाते. मी स्वतः एकदा डिस्क खराब झाली या समजुतीने अख्खी दुपार घालवली होती, आणि दोष निघाला तो एका विरामचिन्हाचा.

उरलेल्या तिन्ही रचनांत हे काहीच उद्भवत नाही, कारण तिथे बूटलोडरला एन्क्रिप्शनचा गंधही नसतो. तो उघड्या पार्टिशनवरून कर्नल आणि इनिट-रॅमएफएस स्मृतीत चढवतो आणि बाजूला होतो. कुलूप उघडण्याचे काम इनिट-रॅमएफएसमधील खरेखुरे क्रिप्टसेटअप करते. या विभागणीचा फायदा बिघाडाच्या वेळी कळतो. मेनू दिसला नाही तर दोष फर्मवेअर किंवा बूटलोडरचा, मेनू दिसून पुढे अडले तर दोष इनिट-रॅमएफएस किंवा कमांड लाइनचा, अशी रेघ सरळ ओढता येते. पहिल्या रचनेत ही रेघ पुसट असते.

अडल्यावर पडद्यावर काय दिसते

पहिल्या रचनेत पासवर्ड चुकला की ग्रब बहुधा ‘ग्रब रेस्क्यू’ या चिन्हावर आणून सोडतो. हे चिन्ह पाहून घाबरण्याचे कारण नाही, मात्र ते नुसत्या ‘ग्रब’ या चिन्हापेक्षा वेगळे आहे हे लक्षात ठेवावे. नुसत्या ‘ग्रब’ चिन्हावर सर्व कमांड उपलब्ध असतात, म्हणजे ग्रब पूर्ण चढलेला आहे आणि त्याला फक्त मेनूची फाइल सापडलेली नाही. ‘रेस्क्यू’मध्ये मोजक्याच कमांड असतात, कारण बाकीचे मॉड्यूल (जोडभाग) कुलपामागे अडकलेले असतात. तिथे ‘क्रिप्टमाउंट -ए’ देऊन पासवर्ड पुन्हा टाकावा, तो स्वीकारला गेला की ‘इनस्मॉड नॉर्मल’ आणि त्यानंतर ‘नॉर्मल’ द्यावे, मेनू येतो. नुसता टाइप करण्यात हात चुकला असेल तर एवढ्याने काम भागते, रीस्टार्टही करावा लागत नाही.

पहिल्या रचनेत पासवर्ड दोनदा विचारला जाणे हा मात्र बिघाड नव्हे. ग्रबने उघडलेले कुलूप कर्नलला हस्तांतरित होत नाही, त्यामुळे इनिट-रॅमएफएस पुन्हा विचारतो. त्यावरचा प्रचलित उपाय म्हणजे एक किल्ली-फाइल इनिट-रॅमएफएसमध्येच ठेवणे. तसे केले असेल तर ती फाइल आणि इनिट-रॅमएफएसची फाइल या दोन्ही केवळ रूट वापरकर्त्यालाच वाचता येतील अशा परवानग्या द्याव्यात. आणि ही रचना सोडून दुसरीकडे जाताना ती किल्ली-फाइल काढायला विसरू नये, नाहीतर कुलपाची किल्ली उघड्या ईएसपीवर जाऊन पडते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रचनेतील नेहमीचा देखावा वेगळा असतो: मेनू येतो, कर्नलच्या ओळी धावतात, मग रूट पार्टिशनची वाट पाहत असल्याचा संदेश येतो आणि काही वेळाने एक ओकाबोका शेल (कमांड टाइप करण्याची जागा) समोर उभा राहतो. पहिल्या रचनेच्या ‘रेस्क्यू’पेक्षा हा शेल कितीतरी उपयोगी असतो, कारण इथे खरा कर्नल चालू आहे, खरे ड्रायव्हर आहेत आणि बहुधा क्रिप्टसेटअपही आहे. इथे घाईने रीस्टार्ट करण्याऐवजी पाच मिनिटे चौकशीत घालवावीत.

प्रथम ‘कॅट /प्रोक/सीएमडीलाइन’ देऊन कर्नलला खरोखर काय सांगितले गेले ते वाचावे. मग ‘बीएलकेआयडी’ देऊन डिस्कवर काय आहे ते पाहावे. एन्क्रिप्टेड पार्टिशनपुढे ‘क्रिप्टो-लक्स’ असा प्रकार लिहिलेला असतो आणि त्याला स्वतःचा यूयूआयडी (ओळख-क्रमांक) असतो; कुलूप उघडल्यावर आत जी फाइल सिस्टिम दिसते तिला दुसराच यूयूआयडी असतो. कमांड लाइनमध्ये कुलपासाठी पहिला हवा असतो आणि ‘रूट’साठी दुसरा किंवा मॅपरचे नाव, म्हणजे उघडलेल्या पार्टिशनला दिलेले नाव. या दोहोंची अदलाबदल हा माझ्या पाहण्यातला सर्वाधिक आढळणारा दोष आहे. छत्तीस अक्षरांचे दोन आकडे शेजारी असले की डोळा फसतोच. आर्च लिनक्ससारख्या ठिकाणी आणखी एक खोच आहे: ‘एन्क्रिप्ट’ हा जुना हुक (इनिट-रॅमएफएसमध्ये घालायचा भाग) ‘क्रिप्टडिव्हाइस’ हा शब्द समजतो, तर ‘एसडी-एन्क्रिप्ट’ हा नवा हुक ‘आरडी.लक्स.नेम’ समजतो. हुक एकाचा आणि शब्द दुसऱ्याचा असला तर कुरकुर न करता तो शब्द दुर्लक्षिला जातो, आणि पासवर्ड विचारलाच जात नाही.

बीएलकेआयडीच्या यादीत डिस्कच नसेल तर प्रश्न एन्क्रिप्शनचा नाही. ड्रायव्हरचे मॉड्यूल इनिट-रॅमएफएसमध्ये आलेले नाही किंवा फर्मवेअरमध्ये स्टोरेजचा मोड बदलला गेला आहे. डिस्क आहे पण ‘क्रिप्टसेटअप’ ही कमांडच सापडत नसेल, तर इनिट-रॅमएफएस बांधताना एन्क्रिप्शनचा भाग वगळला गेला आहे. आणि कमांड असेल तर ‘क्रिप्टसेटअप ओपन’ने योग्य नाव देऊन कुलूप हातानेच उघडावे आणि ‘एक्झिट’ द्यावे. डेबियनच्या पद्धतीत बूट तिथून पुढे चालू लागतो. एकदा आत पोहोचलो की कायमची दुरुस्ती चालू यंत्रावरून, आपल्या ओळखीच्या साधनांनी करता येते.

दुसरी आणि तिसरी रचना यांत फरक पडतो तो कमांड लाइन दुरुस्त करताना. दोहोंतही मेनूवर ‘ई’ दाबून त्या वेळेपुरती कमांड लाइन बदलता येते. कायमची बदलायची असेल तर ग्रबमध्ये एका फाइलमध्ये मूल्य लिहून मग दुसऱ्या कमांडने मेनूची शेकडो ओळींची फाइल नव्याने तयार करावी लागते. सिस्टमडी-बूटची नोंद म्हणजे चार-पाच ओळींची साधी मजकूर फाइल असते: शीर्षक, कर्नलचा मार्ग, इनिट-रॅमएफएसचा मार्ग आणि पर्याय. ती ईएसपीवर असल्यामुळे फॅट पार्टिशन वाचू शकणाऱ्या कोणत्याही संगणकावरून, एन्क्रिप्टेड पार्टिशनला हात न लावता, दुरुस्त करता येते. माझे माप इथे तिसऱ्या रचनेकडे स्पष्टपणे झुकते.

तिसऱ्या रचनेचा एक खास बिघाड मात्र फसवा आहे, आणि तो मी जवळून पाहिला आहे. पासवर्ड स्वीकारला गेला, रूट माउंट झाले, म्हणजे वापरासाठी जोडले गेले, आणि मग यंत्र आणीबाणीच्या शेलमध्ये जाऊन थांबले. तक्रार अशी की /बूट माउंट होत नाही, कारण ‘व्हीफॅट’ हा फाइल सिस्टिमचा प्रकारच ओळखीचा नाही. घडले असे होते, की आदल्या वेळी कर्नल अद्ययावत करताना ईएसपी माउंटच झालेले नव्हते. नवा कर्नल रूटवरच्या रिकाम्या /बूट डिरेक्टरीत जाऊन पडला, ईएसपीवर जुनाच कर्नल राहिला, आणि त्या जुन्या कर्नलची मॉड्यूल रूटवरून काढून टाकली गेली होती. फॅटचे मॉड्यूल नाही म्हणून ईएसपी उघडत नाही, आणि ईएसपी उघडत नाही म्हणून नवा कर्नल तिथे जात नाही, असे ते चक्र होते. ‘यूनेम -आर’ने चालू कर्नलची आवृत्ती पाहिली आणि /लिब/मॉड्यूल्समधल्या डिरेक्टरीशी ताडली तर हे दहा सेकंदांत उघड होते, मला पाऊण तास लागला. उपाय एकच, लाइव्ह यूएसबी.

चौथ्या रचनेत पडद्यावर दिसणारी लक्षणे तिसरीसारखीच असतात, पण हात बांधलेले असतात. कमांड लाइन यूकेआयच्या आत सहीखाली असते, आणि सिक्युअर बूट चालू असताना मेनूवरून दिलेला बदल मानला जात नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते अगदी योग्य आहे. अन्यथा कोणीही कमांड लाइन बदलून पासवर्ड न देता रूटचा शेल मिळवू पाहील. पण यूयूआयडीत एका अक्षराची चूक झाली तर संपूर्ण फाइल पुन्हा बांधून पुन्हा सही करण्यावाचून मार्ग नसतो.

लाइव्ह यूएसबीवरची दुरुस्ती

चारही रचनांत पहिल्या पायऱ्या सारख्याच आहेत: कुलूप उघडणे, एलव्हीएम (एका पार्टिशनचे अनेक व्हॉल्यूम पाडणारी सोय) असेल तर त्याचे व्हॉल्यूम जागे करणे, रूट माउंट करणे, त्यात /बूट आणि ईएसपी आपापल्या जागी माउंट करणे, डेव्ह, प्रोक आणि सिस या कर्नलच्या डिरेक्टरी आत जोडणे आणि मग सीएचरूट, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरणे. यात एक बारकावा असा, की लाइव्ह यूएसबीवर कुलूप उघडताना द्यायचे नाव हे यंत्राच्या ‘क्रिप्टटॅब’ फाइलमधले (कोणते कुलूप कोणत्या नावाने उघडायचे याच्या यादीतले) नावच असावे. डेबियन आणि उबंटूमध्ये इनिट-रॅमएफएस बांधणारी स्क्रिप्ट चालू मॅपरचे नाव क्रिप्टटॅबमध्ये शोधते. आपण घाईत भलतेच नाव दिले असेल तर ते सापडत नाही, एक सूचना देऊन काम पुढे जाते, आणि कुलूप कसे उघडायचे याची नोंदच नसलेला इनिट-रॅमएफएस तयार होतो. म्हणजे दुरुस्ती करताना नवाच बिघाड घातला जातो. ‘दुरुस्त केल्यावर जास्तच बिघडले’ या तक्रारीमागे हे कारण वारंवार निघते.

यापुढे वाटा फुटतात. पहिल्या रचनेत ग्रबच्या सेटिंगमध्ये क्रिप्टोडिस्क चालू असल्याचे लिहिलेले नसेल तर ‘ग्रब-इन्स्टॉल’ काम करायलाच नकार देतो. ते लिहून ग्रब बसवणे, मेनू तयार करणे आणि इनिट-रॅमएफएस बांधणे अशा तीन गोष्टी कराव्या लागतात. दुसरीत /बूट माउंट करायला विसरणे हा ठरलेला अपघात आहे: सर्व कमांड यशस्वी झाल्यासारख्या दिसतात, फाइली मात्र रूटमधल्या रिकाम्या डिरेक्टरीत जातात. शिवाय काही वितरणांत ग्रबचे पॅकेज अद्ययावत झाले तरी ईएसपीवर बसवलेला ग्रब जुनाच राहतो, आणि नवी मेनू-फाइल जुन्या ग्रबपुढे येते. तिसरीत ‘बूटसीटीएल इन्स्टॉल’ आणि इनिट-रॅमएफएस एवढ्यावर बहुधा भागते, आणि ‘बूटसीटीएल स्टेटस’ कोणती नोंद कुठे आहे, काय सापडत नाही, हे वाचण्यासारख्या भाषेत सांगते. चौथीत सही करण्याच्या किल्ल्या एन्क्रिप्टेड रूटमध्येच असतात, त्यामुळे कुलूप उघडता आले तर सर्व काही हाताशी असते.

फर्मवेअरच्या स्मृतीतील बूट नोंदी पुसल्या जाणे ही घटना वाटते तितकी दुर्मीळ नाही. फर्मवेअर अद्ययावत केल्यावर ती हमखास आठवावी. ‘बूटसीटीएल इन्स्टॉल’ आपली एक प्रत ईएसपीवरच्या सर्वसाधारण ठरलेल्या जागी आपणहून ठेवते, त्यामुळे नोंद पुसली तरी फर्मवेअरला ती सापडते. ग्रबला तसे करण्यासाठी ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. कोणताही बूटलोडर न ठेवता कर्नल थेट फर्मवेअरकडून सुरू करणारे काहीजण असतात. त्यांची कमांड लाइनच फर्मवेअरच्या स्मृतीत असते, म्हणून नोंद पुसली की सगळेच जाते. एन्क्रिप्टेड रूटसाठी तो मार्ग मी सुचवणार नाही.

रीफाइंड या बूटलोडरबद्दल एवढेच: तो मेनू उत्तम देतो, पण लक्स उघडू शकत नाही, त्यामुळे बिघाडाच्या दृष्टीने तो तिसऱ्या रचनेचाच भाऊबंद आहे.

जागा

ईएसपी लहान असेल तर तिसरी आणि चौथी रचना त्रास देते. विंडोजने तयार केलेले ईएसपी अनेकदा १०० मेगाबाइटचे असते, आणि ग्राफिक्सचे फर्मवेअर घातलेला एकच इनिट-रॅमएफएस तेवढी जागा गिळू शकतो. जागा संपल्यावर अर्धवट लिहिलेला इनिट-रॅमएफएस मागे राहतो, आणि पुढच्या वेळी कर्नल अर्ध्यातच कोसळतो. ईएसपी वाढवता येत नसेल तर ‘एक्सबूटलोडर’ प्रकारचे दुसरे पार्टिशन करून कर्नल तिथे ठेवता येतात. सिस्टमडी-बूट ते आपोआप वाचतो. नवे यंत्र लावत असाल तर ईएसपीला एक गिगाबाइट द्यावे आणि हा विषय विसरावा.

एन्क्रिप्टेड /बूटने खरोखर काय मिळते

पहिली रचना निवडणाऱ्यांचा युक्तिवाद असा असतो, की कर्नल आणि इनिट-रॅमएफएस उघडे ठेवले तर यंत्र हाती लागलेला माणूस त्यात फेरफार करून आपला पासवर्ड चोरू शकतो. हा धोका खरा आहे. सुरक्षा-संशोधक योआना रुत्कोव्स्का यांनी २००९ मध्ये ‘इव्हिल मेड’ या नावाने त्याचे प्रात्यक्षिकच दाखवले होते, ट्रूक्रिप्ट या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरवर. पण पहिल्या रचनेतही ग्रब स्वतः ईएसपीवर उघडाच असतो, आणि पासवर्ड तर तोच विचारतो. फेरफार करणाऱ्याला कर्नलऐवजी ग्रब बदलावा लागेल, एवढाच फरक. हल्ला रोखण्यासाठी सिक्युअर बूटची सही लागते, आणि ती आली की /बूट एन्क्रिप्ट करण्याचा विशेष लाभ उरत नाही.

दुसऱ्या रचनेत सिक्युअर बूट असले तरी एक भगदाड राहते, ते प्रामाणिकपणे सांगायला हवे. शिम (ग्रबआधी सुरू होणारा छोटा बूटलोडर), ग्रब आणि कर्नल यांच्या सह्या तपासल्या जातात, पण इनिट-रॅमएफएस त्या यंत्रावरच बांधलेला असल्यामुळे त्यावर सही नसते. तिसऱ्या रचनेची साधी मांडणीही याला अपवाद नाही. पासवर्ड जो भाग विचारतो तोच न तपासलेला राहतो. यूकेआयमध्ये तोही सहीखाली येतो, आणि सुरक्षेच्या तराजूत चौथी रचना जड ठरते ती याच कारणाने. ग्रबबाबत हेही लक्षात घ्यावे, की त्याचा कोड मोठा आहे. २०२० मध्ये उघड झालेल्या ‘बूटहोल’ या त्रुटीत ग्रबची मेनू-फाइल वाचतानाच्या चुकीमुळे सिक्युअर बूट ओलांडता येत होते.

पहिल्या रचनेचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीच्या प्रती) वापरणाऱ्यांचा कर्नल आणि रूट एकाच स्नॅपशॉटमध्ये राहतात, त्यामुळे मागे जाताना दोन्ही जोडीने मागे जातात. तिसऱ्या रचनेत रूट मागे जाते, कर्नल ईएसपीवर पुढचाच राहतो, आणि वर सांगितलेला मॉड्यूलांचा गोंधळ पुन्हा उभा राहतो. ज्यांचा दिनक्रमच स्नॅपशॉटवर चालतो त्यांनी पहिली रचना ठेवली तर मी त्यांना दोष देणार नाही.

टीपीएम जोडण्याआधी

सिस्टमडीच्या २४८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, ‘सिस्टमडी-क्रिप्टएनरोल’ने लक्स-२ ची किल्ली टीपीएमला बांधता येते. बांधणी बरेचदा पीसीआर ७ या टीपीएममधील मोजमापाला असते, आणि त्यात सिक्युअर बूटची स्थिती व त्याच्या किल्ल्यांची यादी नोंदलेली असते. यातून चौथ्या रचनेची एक साखळी तयार होते. यूकेआय बिघडली म्हणून लाइव्ह यूएसबी लावली. यंत्रात फक्त स्वतःच्याच किल्ल्या नोंदवल्या असल्यामुळे फर्मवेअरने ती यूएसबी नाकारली. म्हणून सिक्युअर बूट बंद केले. त्यामुळे पीसीआर ७ बदलला आणि टीपीएमने किल्ली देण्यास नकार दिला. या टप्प्यावर पासवर्ड किंवा रिकव्हरी की नसेल तर डेटा कायमचा गेला. यात बिघाड कुठेच नाही, सर्व काही ठरल्याप्रमाणेच वागले आहे. फर्मवेअरच्या अद्ययावतीकरणाबरोबर रद्द केलेल्या सह्यांची यादी बदलली तरी असेच होते.

म्हणून टीपीएम जोडण्याआधी त्याच साधनाने रिकव्हरी की तयार करून कागदावर उतरवावी. ती आठ-आठ अक्षरांच्या आठ गटांची असते आणि तिची अक्षरे मुद्दाम अशी निवडलेली असतात, की कळफलकाची मांडणी बदलली तरी बहुतेक ती त्याच कळांवर सापडतात. खाचांची टंचाई नसते. लक्स-१ मध्ये ८ खाचा होत्या, लक्स-२ मध्ये ३२ पर्यंत करता येतात. याखेरीज सुस्थितीतील जुन्या कर्नलची सही केलेली एक यूकेआय ईएसपीवर कायम राहू द्यावी. तिच्यामुळे वरची साखळी सुरूच होत नाही.

कोणी काय घ्यावे

यंत्र दुसऱ्या कोणासाठी लावून द्यायचे असेल, किंवा दोन वर्षे त्याकडे ढुंकूनही पाहायचे नसेल, तर वितरणाच्या इन्स्टॉलरने दिलेली दुसरी रचनाच ठेवावी. तिच्यातले बिघाड सर्वांच्या परिचयाचे आहेत आणि त्यांवरचे उपायही. स्वतःचे यंत्र, यूईएफआय फर्मवेअर आणि स्वतः दुरुस्ती करण्याची तयारी असेल तर मी तिसरी निवडेन. यंत्र बाहेर फिरत असेल, परक्या खोलीत सोडून जावे लागत असेल, तर चौथी घ्यावी, पण रिकव्हरी की लिहून झाल्यावर. नव्याने मांडणी करताना पहिली रचना निवडण्याचे कारण मला स्नॅपशॉट सोडून दुसरे दिसत नाही.

ज्यांच्याकडे पहिली रचना आधीपासून आहे त्यांना तिसरीवर येण्यासाठी सर्व पुन्हा इन्स्टॉल करावे लागत नाही. ईएसपीवर पुरेशी जागा असल्याची खात्री करून ते /बूटवर माउंट करावे, किल्ली-फाइल इनिट-रॅमएफएसच्या सेटिंगमधून आणि क्रिप्टटॅबमधून काढावी, कर्नल पुन्हा इन्स्टॉल करून तो ईएसपीवर उतरल्याचे डोळ्यांनी पाहावे, मग ‘बूटसीटीएल इन्स्टॉल’ देऊन नोंद लिहावी. जुना ग्रब त्याच वेळी काढू नये. त्याची नोंद फर्मवेअरच्या यादीत खाली सरकवून ठेवावी, आणि कर्नलची दोन अद्ययावतीकरणे नव्या वाटेने सुरळीत पार पडल्यावर, त्या किल्ली-फाइलची लक्समधील खाच ‘लक्सकिलस्लॉट’ने रिकामी करून, मगच ग्रब हटवावा.